एक सूत मत

इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत. सुतार, गवंडी, फॅब्रिकेटर सगळे अजून हेच बोलतात, मिलिमीटरचं राज्य येऊन कितीही वर्षं झाली असली तरी. मी बांधकामावरचा मोजमापाचा माणूस. भिंती, फरश्या, सळया, चौकटी मोजून कागदावर मांडायच्या हा माझा धंदा. एका सुताचा फरक आला तरी मी फोरमनला उन्हात परत मोजायला पाठवत असे. तेव्हा मला मोजता येत नव्हतं, ही सबब मला नाही. मी एकदा चुकीचं मोजलं आणि ते पूर्ण शुद्धीत मोजलं.

मी तेव्हा ओमानमध्ये सहम नावाच्या गावात होतो. सोहारच्या बंदराकडे कामं निघाली तशी आमच्यासारखी पुण्या-मुंबईची पगारदार कुटुंबं त्या बाजूला येऊन राहिली. कोकणातली माणसं मात्र आमच्या कितीतरी आधीपासून तिथे होती. सुतार, वेल्डर, एसी दुरुस्त करणारे, गाड्यांखाली झोपून काम करणारे. दोन हजार अकरा साली आमची मराठी वस्ती अशी होती: तेरा कुटुंबं, आणि बायकापोरं गावी ठेवून आलेले चोवीस पुरुष. हे चोवीस जण एका वर्कशॉपमागच्या तीन खोल्यांत आठ-आठ राहत. अशा माणसाला तिकडे बॅचलर म्हणतात, मग त्याला गावी नातवंडं का असेनात.

आणि आम्हा सगळ्यांची मिळून एक खोली होती. वर्कशॉपच्या मालकाचं, म्हणजे अर्बाबाचं, बांधकाम सामानाचं दुकान होतं. त्या दुकानामागचं ते जुनं गोदाम. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सुताराने, ज्याला सगळे मेस्त्री म्हणत, ते कधीकाळी अर्बाबाकडून मागून घेतलं होतं. खोक्यांच्या प्लायवूडचं छत त्याने घातलं, बाकं केली, कुणाचा तरी मोडीत निघालेला एसी बसवला. आणि कोपऱ्यात एक खोपटं केलं, उभ्या कपाटाएवढं, आत एक स्टूल आणि दाराला आतून कडी. आठ माणसांच्या खोलीत बायकोशी फोनवर काय बोलणार? शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, जेवून माणसं या खोलीत येत, कॅरम खेळत, लवंडत, आणि आपली पाळी आली की पंधरा मिनिटं त्या खोपट्यात जाऊन कडी लावून घरी बोलत. काही जण डोळे पुसत बाहेर येत. बाकीचे तेव्हा कॅरमकडे बघत.

खोलीची किल्ली मेस्त्रींच्या कमरेला, सुतळीत ओवलेली.

मेस्त्री सिंधुदुर्गातले. माझ्या वडिलांचं गाव त्यांच्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी स्वतः ठाण्यात वाढलो, मालवणी समजते पण बोललो तर माणसं हसतात. तरी त्यांनी मला पहिल्या भेटीपासून ‘गाववाले’ म्हटलं. शिकलेला, इंजिनियर, साहेबांत बसणारा गाववाला असल्याचा त्यांना अभिमान होता. हे मी आज सांगतोय तेव्हा माझ्याच तोंडाला चव राहत नाही.

कुटुंबं आली तसा त्या खोलीवर आमचा डोळा गेला. कारण चांगलं होतं, वाईट कामांना नेहमी असतं. आमची मुलं इंडियन स्कूलमध्ये, आपसात इंग्रजी बोलणारी. माझी मुलगी तेव्हा नववीत. ‘मी पडली’, ‘तो येतो आहे ना मग मी कशाला गो करू’ असलं तिचं मराठी. मराठीचा वर्ग काढायचा ठरलं. शुक्रवारखेरीज दिवस जमेना, आणि जागा एकच. पण तिथे लुंगीतली माणसं लवंडलेली. बंदरातल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले पुण्याचे एक मॅनेजर होते, ते म्हणाले, “खोलीची व्यवस्था कुणाच्या कमरेला राहून चालणार नाही. मराठी मंडळ काढू, लोकशाही मार्गाने अध्यक्ष निवडू. किल्ली अध्यक्षाकडे.”

लोकशाही हा शब्द त्या महिन्यात हवेतच होता. ऑक्टोबरात ओमानी लोकांचं शूराचं, म्हणजे त्यांच्या सल्लागार सभेचं, मतदान झालं होतं. अर्बाब मत देऊन दुकानात आला, सगळ्यांना काहवा, म्हणजे त्यांची कॉफी, आणि हलवा दिला. मी सामानाच्या यादीसाठी तिथे होतो. मेस्त्रींनी त्याला विचारलं, तुझं एवढं मोठं घर, तुझी मतं किती? अर्बाब त्याच्या दुकानातल्या हिंदीत म्हणाला, “मेरा वाहिद. औरत का वाहिद. माँ का वाहिद. सब वाहिद. खलास.”

वाहिद म्हणजे एक. मेस्त्रींनी मान डोलावली आणि पेन्सिल परत कानावर ठेवली. मी हलवा खात होतो.

त्याच सुमारास मुलीला शाळेतून प्रोजेक्ट आला: एका अतिलहान देशाची माहिती. तिने पॅसिफिकमधलं नाउरू नावाचं बेट घेतलं. मेस्त्री आमच्या घरी तिचं पुस्तकांचं कपाट बसवायला आले होते, आणि ती टेबलाशी बसून मला सांगत होती.

“बाबा, हा कंट्री खूप टायनी आहे. आणि त्यांचं व्होटिंग ना, फनी आहे. सगळ्यांना नंबर द्यायचे. फर्स्टवाल्याला वन व्होट, सेकंडला हाफ, थर्डला वन-थर्ड. असं शेवटपर्यंत.”

“अर्धा मत?” मेस्त्री कपाटामागून हसले. “अर्ध्या माणसान दिलेला?”

“नो आजोबा, फुल माणूस. एटथ नंबरला वन बाय एट.”

“म्हणजे सूत,” मेस्त्री म्हणाले, आणि तिला पट्टीवर दाखवलं. हा शब्द तिला आवडला. पुढचे चार दिवस ती घरात सगळं सुतात मोजत होती.

“पण बाबा, असे स्मॉल कंट्रीज ठरवतात कसं, की कसं व्होट करायचं?”

मला उत्तर माहीत होतं, निदान तसा माझा समज होता. मी म्हणालो, “बहुतेक वेळा ज्याचं राज्य होतं त्याचीच पद्धत उचलतात. इंग्रज होते तर इंग्रजांची, ऑस्ट्रेलियन होते तर त्यांची. मग सोयीप्रमाणे जराशी वाकवतात.” तिने ते वहीत लिहून घेतलं. बाईंनी त्याला तारा दिला.

त्यानंतर पंधरा दिवसांत मी नेमकं तेच केलं. मंडळाची घटना लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण ठाण्याला मी आमच्या हाउसिंग सोसायटीचा दोन वर्षं सेक्रेटरी होतो आणि तिचं उपविधींचं पुस्तक माझ्या कागदपत्रांत चुकून ओमानला आलं होतं. आमच्यावर शेवटचं राज्य कुणाचं होतं? इंग्रजांचं नव्हे, सोसायटीचं. लिफ्ट, पाण्याची टाकी, पार्किंग, आणि एका फ्लॅटला एक मत. मी ते पुस्तक समोर उघडं ठेवलं आणि लिहिलं: कलम तीन, प्रत्येक निवासस्थानास एक मत राहील.

लिहिताना हात थांबला का? थांबला. खोटं कशाला बोलू! मी बेरीज केली होती. घरं मोजली तर सोळा मतं: कुटुंबांची तेरा, त्या तीन खोल्यांची तीन. माणसं मोजली तर बायका धरून आमची सव्वीस आणि त्यांची चोवीस. म्हणजे माणसं मोजूनही आम्हीच दोनने जास्त होतो. पण आमच्या बायकांचा भरवसा कुणाला होता? स्वयंपाकघरातली मांडणी मेस्त्रींनी केलेली, पाळणा त्यांनी केलेला, नळ गळला तर त्यांनी कुणाला तरी धाडलेलं. त्या नक्की कुणाला मत देतील, हे मॅनेजरसाहेबांना सांगता येत नव्हतं आणि मलाही. मसुदा वाचून मॅनेजरसाहेब एवढंच म्हणाले, “कलम तीन सुरेख आहे. सुटसुटीत.” त्या कौतुकाने मी खूश झालो, हेही लिहून ठेवतो.

सभेत मी घटना वाचून दाखवली. उद्दिष्टं, सभासदत्व, कलम तीन, घटनादुरुस्तीसाठी दोन तृतीयांश निवासस्थानांची संमती वगैरे. बॅचलर लोक त्या दिवशी सकाळपासून ओव्हरटाइम करून आले होते, अर्धे पेंगत होते. निवासस्थान हा शब्द त्यांच्यातल्या कुणाच्या रोजच्या बोलण्यात नव्हता. मी मुद्दामच घर लिहिलं नव्हतं. घर म्हटलं असतं तर त्यांना आपलं गावचं घर आठवलं असतं, आणि मग कुणीतरी विचारलं असतं. वाचून झाल्यावर सगळ्यांनी मेस्त्रींकडे पाहिलं.

“गाववाल्यान लिवल्यान म्हणजे बरोबरच असतला,” मेस्त्री म्हणाले, आणि त्यांनी पहिला हात वर केला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती. दांडा आतून कसा असतो हे तेव्हा विचारलं नव्हतं.

मतपेटी करायचं काम साहजिकच मेस्त्रींकडे गेलं. त्यांनी मला गाठून विचारलं, “चिठी केवडी असतली?” मी सांगितलं, कागदाचा चौथा भाग, चार घड्या घालून. त्यांनी घडी घातलेला नमुना मागून घेतला, उंची मोजली, खिशात ठेवला. चिठ्या किती, हे विचारलं नाही. मला वाटलं विसरले.

आठवड्याने एका दुपारी ते पेटी घेऊन आमच्या घरी आले. सागाच्या तुकड्यांची, कोपरे एकमेकांत बसवलेले, एकही खिळा नाही. वर फट, खाली सरकता तळ. बायको चहा ठेवायला उठली तेव्हा ते म्हणाले, “आणि गाववाल्यानू, मी उबो रवतंय.”

अध्यक्षपदासाठी. पुढच्या वर्षी त्यांचा व्हिसा संपत होता, साठी आली होती, नंतर कायमचं गावी. जायच्या आधी एवढं एक वर्ष खोली होती तशी ठेवायची, एवढंच त्यांना हवं होतं. पोरांचा वर्ग सकाळी घ्या, म्हणाले, आम्ही लुंगीवाले दुपारी येऊ, खोपट्याला हात लावू नका. किती साधी गोष्ट होती. सभेत कुणी विचारलं असतं तर पाच मिनिटांत ठरली असती. “आमी चोवीस जण आसंव,” ते म्हणाले, “आणि वयनी लोकांनी थोडी दिली तर होयत.”

तेव्हा मला सांगावं लागलं. मी पेटीकडे बघत सांगितलं, की चोवीस नाही, तीन. तीन खोल्या, तीन मतं. आठ जणांनी आपसात ठरवून एक चिठी टाकायची.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्या टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला तीन आणि चोवीस लिहिले.

“आठांत एक,” ते म्हणाले. “म्हणजे सूत. गाववाल्यानू, मी एक सूत झालंय?”

मी म्हणालो, तसं नाही, ही पद्धत असते, सोसायट्यांमध्ये सगळीकडे अशीच असते.

“आणि तुमी?”

मी चहासाठी टेबलावरची जागा करायला घेतली.

“तुमी पुरो इंच.” मग त्यांनी चहा घेऊन आलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं. “आणि वयनी?”

बायकोने कप खाली ठेवला. कलम तीन मी तिला दाखवलं नव्हतं. घराचं एक मत म्हणजे कुणाचं, हे तिला त्या क्षणी कळलं. “मी शून्य, मेस्त्री,” ती म्हणाली. “पट्टीवर शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते ना, तिथे.”

ती त्यानंतर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मुलगी आतून ऐकत होती. रात्री जेवताना म्हणाली, “बाबा, नाउरूमध्ये एटथवाल्याला वन बाय एट मिळतं. पण ते कॅंडिडेटला. व्होटर फुल असतो.” तिचं मराठी मोडकं होतं, पण मुद्दा अखंड होता. मी तिला जेव म्हणालो.

खरं तर इथे थांबता आलं असतं. तेरा विरुद्ध तीन, मेस्त्री हरले असते आणि हरल्याचं कारण सगळ्यांसमोर आलं असतं. पण मॅनेजरसाहेबांना बायकांच्या कुजबुजीचा वास आला होता. ते म्हणाले, “निवडणूक झाली तर फूट दिसेल. मस्कतच्या मंडळापर्यंत बातमी जाते. बिनविरोध व्हायला हवं. तुमचं ऐकतील ते.” त्यांनी मला धाडलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. मीच गेलो. आकडा मोठ्याने वाचला जाऊ नये अशी त्यांच्याहून जास्त इच्छा माझी होती. तेरा-तीन ऐकल्यावर कुणीही विचारलं असतं, हे कलम लिहिलं कुणी?

बिनविरोध हा आपला लाडका शब्द आहे. गावात ग्रामपंचायत बिनविरोध झाली की कमान उभारतात, बक्षीस मिळतं, पेपरात फोटो येतो. कुणीच विरोध केला नाही याचा आनंद की कुणाला करू दिला नाही याचा, हे कमानीवर लिहीत नाहीत. मी शुक्रवारी वर्कशॉपमागच्या त्यांच्या खोलीत गेलो. आठ खाटा, एकावर एक. मेस्त्री खालच्या खाटेवर बसून नखात गेलेला लाकडाचा काटा काढत होते. बाकीच्यांनी कॅरम अर्धा टाकला आणि बाहेर गेले. मी सुरुवात केली. तुम्ही वडीलधारे. तुमच्या मोठेपणाला निवडणूक शोभत नाही. बिनविरोध होऊ द्या, सल्लागार म्हणून तुमचं नाव घालू. गावाकडेही असंच करतात.

“गावात बिनविरोध कशी होता ता माका म्हायत आसा,” ते म्हणाले. “माज्या बापाशीक देवळात बोलवलेल्यांनी. देवासमोर नारळ ठेवलो आणि सांगल्यांनी, उचल आणि मागे घे.” त्यांनी काटा काढून झाडला. “तुमी नारळ तरी हाडलास काय?”

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत.

“घेतंय मागे,” ते म्हणाले. “जावा, साहेब.”

त्या दिवसापासून मी साहेब झालो. शेवटपर्यंत गाववाले हा शब्द त्यांच्या तोंडून माझ्यासाठी पुन्हा आला नाही. शिवी दिली असती तर परवडली असती, शिवीला उत्तर देता येतं.

मॅनेजरसाहेब बिनविरोध निवडून आले. टाळ्या झाल्या, बॅचलर लोकांनीही वाजवल्या. मेस्त्रींनी सुतळी सोडली आणि किल्ली टेबलावर ठेवली. पेटी रिकामीच राहिली. कुणीतरी म्हणालं, “सोळा चिठ्यांना एवढी मोठी पेटी कशाला केली?” कुणीतरी म्हणालं, “मेस्त्रींना अंदाज नाही आला.” मी तिथेच उभा होतो. त्या माणसाला अंदाज नाही आला, असं माझ्यासमोर बोललं गेलं आणि मी गप्प राहिलो. पेटी वाया जाऊ नये म्हणून ती दाराशेजारी भिंतीवर लावली आणि तिच्यावर कागद चिकटवला: सूचनापेटी.

महिन्याभरात दारावर पाटी आली. शुक्रवारी फक्त कुटुंबांसाठी. तिकडे बागांत, हॉटेलांत असल्या पाट्या सरसकट असतात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पाटी रंधा मारून मेस्त्रींनीच करून दिली. सांगितलं होतं आम्ही, आणि त्यांना काम नाकारायची सवय नव्हती.

वर्ग सुरू झाला. मी खिडकीशी बसून मुलांना शुद्धलेखन घालत असे. बाहेर दुकानाच्या भिंतीची सावली हातभर पडायची, तिच्यात माणसं ओळीने बसलेली असत, सावली सरकेल तशी सरकत. एक जण उठून पाण्याच्या टाकीमागे जायचा, फोन कानाला लावून, मोठ्याने बोलावं लागू नये म्हणून तोंडावर हात धरून. खोपट्यात आम्ही मुलांच्या नाचाचे कपडे ठेवले. कडी निघाली होती, ती कुणी बसवली नाही.

आणि वर्ग तरी टिकावा! उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्धी मुलं भारतात गेली, परत आल्यावर ट्यूशन लागल्या. मग वर्गाच्या जागी वाढदिवस सुरू झाले, मग किटी. माझ्या मुलीला त्या वर्गातून एकही शब्द लागला नाही. तिला एकच अस्सल शब्द आला होता, सूत, आणि तो तिला कुणी दिला ते तिला आठवत होतं.

मेस्त्री पुढच्या वर्षी कायमचे गावी गेले. निरोपाला मी एक भारीतला पेन नेला. त्यांनी घेतला, म्हणाले, “बरा साहेब.” त्यांच्या कानावर पेन्सिल होती.

करावे तसे भरावे म्हणतात, पण भरायची वेळ येईपर्यंत माणूस विसरलेला असतो. तेलाचे भाव पडले, दोन हजार सोळापर्यंत कामं आटली, आणि कंपनीने माझा फॅमिली स्टेटस, म्हणजे कुटुंब तिकडे ठेवायची सोय, काढून घेतला. मुलगी कॉलेजसाठी ठाण्यालाच होती, बायकोही तिच्याकडे गेली. मी मराठीच पण परक्या अशा चार माणसांबरोबर फ्लॅटमध्ये राहायला लागलो. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बॅचलर. भिंत इतकी पातळ की बायकोला ‘बरी आहेस ना’ एवढंच विचारता यायचं, आणि तिलाही ते कळून ती ‘हो’ एवढंच म्हणायची.

एका शुक्रवारी फोन घेऊन मी त्या खोलीकडे गेलो. दारात एक नवीन आलेले गृहस्थ होते. त्यांनी अदबीने विचारलं, “फॅमिली आहे का बरोबर?” मी नाही म्हणालो. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. रंधा इतका छान मारलेला की रंग अजून टिकला होता.

मी रागावून पुढच्या सभेला गेलो. इतकी वर्षं राग कुठे होता, असं कुणी विचारलं नाही. कलम तीन बदला म्हणालो, माणसाला एक मत द्या, स्त्री असो की पुरुष. भाषण चांगलं झालं. मॅनेजरसाहेब अजून अध्यक्ष होते, दरवर्षी बिनविरोध. ते शांतपणे म्हणाले, “घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश निवासस्थानं लागतात. हेही तुम्हीच लिहिलंय.” मग यादी चाळून म्हणाले, “आणि तुमच्या फ्लॅटचं मत आज तुमच्या रूममेटने नोंदवलंय, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या तुम्ही पाहुणे आहात.” लोक हसले. मनात मी लगेच भाग दिला. पाच माणसं, म्हणजे दीड सुताहून जरासा अधिक. तिथेही मी मेस्त्रींपेक्षा वरचाच निघालो.

सभा संपल्यावर खोली रंगवायला काढायची म्हणून भिंतीवरच्या वस्तू उतरवत होते. नवी, प्लास्टिकची, पारदर्शक पेटी आणली होती. जुनी दारात ठेवलेली. “कुणाला हवी का, नाहीतर टाकू,” पाटी दाखवणारे तेच गृहस्थ म्हणाले. मी उचलली. सूचनापेटीचा कागद पिवळा पडला होता. पाच वर्षांत तिच्यात कुणी काही टाकलं नव्हतं, म्हणून ती कुणी उघडलीही नव्हती.

फ्लॅटवर आणून मी खाटेवर बसलो आणि तळ सरकवला. थोडा अडकला, मग सुटला. तळाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, सुतारी पेन्सिलीच्या जाड रेघेत, पेटीचं माप धरताना केलेला हिशेब:

बापये ३७
बायलो १३
चिठये ५०

मी लाकडाला हात लावून पाहिला, पुसट झालं नव्हतं. खालच्या तेरांत माझी बायको होती. वरच्या सदतीसांत मी होतो आणि मॅनेजरसाहेबही होते. चिठ्या किती हे त्यांनी मला विचारलं नव्हतं, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मी तळ परत सरकवून लावला, ऑफिसचे कागद घेतले, चौथे भाग फाडले, चार घड्या घातल्या आणि एकेक करून फटीतून टाकल्या. एकोणपन्नासावी गेली. पन्नासावी बोटाने जराशी दाबावी लागली. मग माझी पट्टी घेतली आणि चिठ्यांच्या वर पेटीत किती जागा उरली ते मोजलं. एक सूतही नव्हती.